भाऊजी, दवाखाना उभा होता

भाऊजी,

रविवारी तुमच्या जाण्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले होते. बोरगावचे, रामाकोन्याचे, पांढुर्ण्याहून तुमच्या जुन्या मोहल्ल्यातले, सगळे आले. वंदना झाल्यावर काही जण उठून तुमच्याविषयी बोलले. नागपूरला डिप्लोमा केला, आपल्या लोकांतला पहिला इंजिनिअर झाला, कुठकुठल्या कारखान्यांचे लोखंडी सांगाडे उभे केले, असं बरंच. त्यात खोटं काही नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, आता वहिनीबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी मान हलवून नाही म्हटलं. माझं पहिलंच वाक्य असं निघालं असतं, की मला बरं वाटतंय. ते त्या मांडवात कोणाला समजलं नसतं.

तुम्हाला समजेल म्हणून सांगते. शेवटचे महिने तुम्हाला आडवं होता येत नव्हतं. पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि तुमच्या छातीतला तो आवाज साऱ्या घरात ऐकू यायचा. मी शाळेत गेले तरी कानात तोच. त्या सकाळी मी चहा ठेवला होता आणि आवाज थांबला. सुजाता तुमच्याजवळच होती. तिने नाडी पाहिली, तुमचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "आई, काका सुटले." मी खाली बसले. रडू नंतर आलं. आधी एक लांब श्वास आला, किती दिवसांचा अडकलेला कोणास ठाऊक. त्याची मला लाज वाटत नाही.

आता घर शांत आहे, आणि तुमच्याशी बोलायचं बरंच राहून गेलं आहे.

मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा मामंजी संत्र्याच्या बगीच्यात रोजाने जात होते आणि तुम्ही परीक्षेचं वाचत दारात बसलेले असायचे. पुढे तुमच्या दादांना सौसरला नोकरी लागली, मला शाळा मिळाली, आणि तुम्ही लोखंडाच्या मागे गेलात. आज इथे शेड, उद्या तिथे पूल. लग्नाचं विचारलं की म्हणायचात, "माह्यासंग तंबूत कोण राह्यन वहिनी?" सुजाता चौथीत असताना तुमचे दादा गेले. तेव्हापासून तिला विचारायचं माणूस म्हणजे तुम्ही.

दादांच्या मागे मी सौसरला दोन खोल्या बांधायला काढल्या तेव्हा आपलं पहिलं भांडण झालं, आठवतं? मला दगडाच्या जाड भिंती हव्या होत्या. बाईमाणूस एकटी, पोरगी लहान, भिंत कशी जड पाहिजे. तुम्ही कुठल्या तरी साइटवरून आलात, रचलेले दगड पाहिले आणि हात-पाय न धुताच सुरू झालात.

"घर इतकं जड कायले करून राह्यल्या? जमीन हलली तर जितकं जड घर, तितका त्याले जास्त धक्का बसते."

"सौसरची जमीन कधी हलली?" मी म्हटलं.

"नसन हलली. पण ज्या माणसानं पांढुर्ण्याच्या जत्रेतली दगडफेक, ते गोटमार पाह्यली, त्यानं दगडावर भरवसा ठेवू नये."

मला हसू आलं, तरी मी हटले नाही. मग तुम्ही माझ्या पिशवीतून खडू काढला आणि म्हणालात, एक हेअरपिन द्या. खडू दोन्ही हातांत धरून जरा वाकवला तर काटकन तुटला. हेअरपिन वाकवली, परत सरळ केली, परत वाकवली. "पाह्यलं? दगड-विटा खडूच्या जातीच्या. लोखंड तुटाच्या आधी वाकते. वाकताना धक्का स्वतःच्या अंगावर घेते, आन् माणसाले बाहेर पडाले वेळ देते." सुजाता डोळे मोठे करून पाहत होती. मी म्हटलं, माझी पिन वाकडी केली. तुम्ही म्हणालात, "वाकडी झाली, पण केसात बसन."

शेवटी भिंती दगडाच्याच झाल्या. पण दारा-खिडक्यांच्या वरून चहूबाजूंनी सिमेंट-सळईचा पट्टा घालायला लावलात, आणि तो पूर्ण होईपर्यंत सौसर सोडलं नाही. गवंडी म्हणत होता, हे कायच्यासाठी. तुम्ही म्हणालात, कमरेला करदोडा असतो ना, तसा. तेवढ्यावर आपलं मिटलं. मिटलं म्हणजे काय, थांबलं.

दुसरं भांडण सुजाताच्या नोकरीचं. ती नर्स झाली आणि तिला जागा मिळाली ती ईशान्येच्या डोंगरातल्या एका गावी. नकाशावर सौसरपासून बोट सरकवत नेलं तर हात पार नकाशाच्या कडेला गेला. शाळेत भूगोल मीच शिकवत होते. तिकडची जमीन हलते हे पोरांना पाठ करायला लावलेलं. मी म्हटलं, नाही जायचं. इथे छिंदवाड्याला मिळेल, नागपूरला मिळेल, वाट पाहा. सुजाता तुमच्याकडे पाहत राहिली. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या पोट्टीले."

"तिथे घर डोक्यावर पडलं तर?"

"म्हणून तर मी स्वतः सोडाले जातो. पाहून येतो."

आणि खरंच गेलात. तिचा दवाखाना नवा होता, लोखंडी खांब आणि तुळयांचा, मधे विटांच्या भिंती. परत आल्यावर सुजाताची खोली कशी आहे, शेजारी कोण आहे, जेवणाचं काय, यातलं एकही उत्तर तुमच्याकडे नव्हतं. तुम्ही जिन्याखाली शिरून खांब-तुळयांचे जोड पाहून आला होता. तिथल्या इंजिनिअरला इतके प्रश्न विचारले की तो बिचारा दुसऱ्या दिवशी भेटायलाच आला नाही. मला म्हणालात, लोखंड चांगलं आहे, खांब तुळईपेक्षा जोरदार आहेत, असेच पाहिजेत. वाकायचं तर तुळईने वाकावं, खांबाने नाही. कारण खांब गेला की त्याच्यावरचं सगळं गेलं. पण विटांच्या भिंती खांबांना नीट बांधलेल्या नाहीत. व्हरांड्याकडची तर नुसती उभी आहे.

नंतर मला कळलं की हेच तुम्ही सुजातालाही सांगून आला होता. जमीन हलली तर व्हरांड्याकडे पळायचं नाही. आतल्या बाजूला, खांबाजवळ, डोक्यावर हात घेऊन बसायचं. हलणं थांबलं की मगच उतरायचं. हे तिच्याकडून तीन-तीनदा वदवून घेतलं. मी किती चिडले होते. "पोट्टीले पहिल्याच दिवशी कायले भेव दाखवलं?" तुम्ही म्हणालात, "भेव नाही दाखवलं. पत्ता सांगतला, कुठे उभं राहायचं त्याचा."

ती बातमी सकाळी रेडिओवर ऐकली तेव्हा मी शाळेला निघाले होते. भूकंप झाला एवढं सांगितलं, तालुक्यांची नावं सांगितली, त्यात तिचं गाव होतं. मी पोस्टात गेले. तार पाठवली, पण पोस्टमास्तर म्हणाले, बाई, तिकडच्या लाइनी बंद आहेत, पोचेल तेव्हा खरं. उत्तर काही येईना. शेजारणी येऊन बसायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत, म्हणजे मला काय ते समजायचं. मग एका दुपारी तुम्ही नागपूरच्या बसमधून उतरून सरळ घरात आलात. खांद्याला झोळी. बसलासुद्धा नाहीत. म्हणालात, "चला वहिनी."

तो प्रवास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. सौसरहून छोटी गाडी, नागपूरला मोठी, मग कलकत्ता, मग पुन्हा गाडी. मी खिडकीशी बसून बाहेर बघायचे, दिसत काही नव्हतं. तुम्ही स्टेशनास्टेशनावर उतरून चहा आणायचात आणि मी तो पिते की नाही ते पाहत राहायचात. एकदा मी विचारलं. इतके दिवस ओठांवर होतं तेच.

"भाऊजी, खरं सांगा. तो दवाखाना उभा असन काय?"

तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. मग म्हणालात, "मी जेवढं पाह्यलं तेवढ्याचंच सांगू शकतो वहिनी. खांब चांगले होते. जोड मी सगळे नाही पाह्यले."

मला इतका राग आला. डब्यातला कोणीही परका माणूस म्हणाला असता की काळजी करू नका बाई, सगळं ठीक असेल. तुम्हाला तेवढंही बोलता येईना. मी तोंड फिरवलं ते पुढचं जंक्शन येईपर्यंत. आज वाटतं, तुम्ही तेव्हा खोटं बोलला असता, तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसला नसता. आणि लवकरच मला त्याची गरज पडणार होती.

शेवटचा रस्ता जीपने. दोन्हीकडे पडलेली घरं. दगडांची, विटांची, वर जड छप्पर घातलेली नवी घरं ढिगारा होऊन पडलेली. आणि त्यांच्या मधे तिथल्या लोकांची जुनी, बांबूची आणि चिखलाने लिंपलेली हलकी घरं तशीच उभी. तुम्ही एकदाच बोट दाखवलंत. मला तेव्हा ते तसं दाखवणं क्रूर वाटलं. मला एकच इमारत पाहायची होती.

वळण आलं आणि दवाखाना दिसला. उभा होता. पण असा, की भिंती जागोजागी गळून पडलेल्या, आरपार दिसत होतं, आत लोखंडाचा सांगाडा. व्हरांड्याखाली विटांचा ढीग. मी जीपमधून कशी उतरले ते सांगता येत नाही. तुम्ही माझा दंड धरला होता. मैदानात तंबू लागले होते. पहिल्या तंबूत नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात सुजाता एका म्हातारीला इंजेक्शन देत होती. तिने वर पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली, "आई, थांब, हे झालं की येते."

मी थांबले. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कोणासाठी थांबले नाही.

तिने नंतर सांगितलं ते असं. दुसऱ्या मजल्यावर वॉर्डात होती. जमीन घोड्यासारखी उधळली. पेशंट व्हरांड्याच्या दाराकडे धावले. ती दारात आडवी उभी राहिली आणि मराठीत ओरडली, तिथे कोणाला मराठी येत नव्हती, तरी सगळे मागे सरले. खांबाजवळ दाटीवाटीने बसले. समोर व्हरांड्याची भिंत एका तुकड्यात बाहेर कोसळली. एक माणूस तिच्या हाताखालून निसटून आधीच बाहेर गेला होता. त्याचा पाय गेला, जीव वाचला. त्याचं नाव ती अजून घेते.

हे ऐकून मी तुम्हाला शोधायला वळले तर तुम्ही नव्हता. इमारतीच्या मागे सापडलात, एका खांबाच्या बुडाशी उकिडवे बसलेले. मला वाटलं, काय माणूस आहे, पोरगी जिवंत भेटली आणि हा लोखंड पाहत बसला. जवळ आले तेव्हा दिसलं, तुम्ही रडत होता. दादा गेले तेव्हा तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. डोळे पुसून तुम्ही मला दाखवायला लागलात, जणू ते दाखवण्यासाठीच मी आले होते. खांबाला जमिनीशी धरणारे बोल्ट ताणले गेले होते. दोन खांबांमधल्या तिरप्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. "ह्यायनंच धक्का खाल्ला," म्हणालात. मग एका कोपऱ्यात वर पाहत थांबलात. तिथे वेल्डिंग फाटलं होतं. नखाएवढी काळी रेघ. तुमचा चेहरा बदलला.

इथून पुढे तुम्ही सगळ्यांच्या नजरेतून उतरलात. तिकडे थंडी फार. तंबूंतले पेशंट कुडकुडत होते. डॉक्टरांचं म्हणणं, इमारत उभी आहे, मलबा काढून खालच्या मजल्यावर तरी जाऊ. तिथला इंजिनिअरही हो म्हणाला. तुम्ही मोडक्या हिंदीत हुज्जत घातलीत. उभी आहे म्हणजे धड आहे असं नाही. लोखंड एकदा वाकून आपलं काम करून बसलं आहे. तो जोड फाटला आहे. पुन्हा धक्का आला तर काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीने पेशंट मेले तर? प्रश्न खरा होता. तुम्ही म्हणालात, "तंबूत शेगडी मैं लगवाता हूँ. अंदर मत जाओ." आणि मोडलेल्या फर्निचरचं लाकूड गोळा करून खरंच शेगड्या लावल्यात. सुजाता तुमच्या बाजूने उभी राहिली, आणि मलाही तुमचाच शब्द खरा वाटला. पेशंट बाहेरच राहिले.

दोन दिवसांनी धक्का आला. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत उभे. काही पडलं नाही. एक वीटसुद्धा नाही. इंजिनिअर हसला, लोकही हसले. मला तुमच्यासाठी वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमची फजिती झाली." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं सुजाता शाळेत पहिली आल्यावर पाहायचात. "पडलं नाही ना, वहिनी? बस. मले कोठे ते पाडाचं होतं?"

इतकं हलकं झालेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. शेगडीवर हात शेकत तुम्ही त्या इंजिनिअरलाच चहा देत होता. मग दोघांनी मिळून कागदावर काहीतरी आखलं. पुढे फाटलेल्या जोडांवर जाड पत्रे बसवले, भिंती खांबांना सळयांनी बांधून पुन्हा रचल्या, आणि मग पेशंट आत गेले. ते होईपर्यंत तुम्ही तिथेच राहिलात. मी एकटी परत आले.

एकटी, कारण सुजाता आली नाही. आपलं खरं भांडण ते. मी तिला सामान बांध म्हटलं. ती म्हणाली, "इथे आता मी पाहिजे, आई." मी तुमच्याकडे पाहिलं, या वेळी तरी माझ्या बाजूने बोलाल म्हणून. तुम्ही म्हणालात, "राहू द्या तिले." एकदा वाचली म्हणून दर वेळी वाचेल काय, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, दर वेळचं मले माहीत नाही. तेच तुमचं प्रवासातलं उत्तर. मी तो सगळा हंगाम तुमच्याशी बोलले नाही. संत्री आली, संपली, तुम्ही येऊन ओसरीवर बसायचात, मी चहा आणून ठेवायचे आणि आत जायचे. त्यासाठी मी आज माफी मागत नाही. तुम्हीही मागितली नसती. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं, आणि दोघांचंही त्या एकाच पोरीवरून.

मग तुमचा खोकला सुरू झाला. साइटवरची धूळ, वेल्डिंगचा धूर, डॉक्टर म्हणाले सगळंच. तुम्ही झोळी घेऊन आलात आणि माझ्या दगडाच्या भिंतींच्या आत येऊन राहिलात. मला एकदा विचारावंसं वाटलं होतं, या भिंतींत झोप लागते काय. राहून गेलं. तुमच्या आजारात आपण पुन्हा बोलू लागलो, पण त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. औषध, पथ्य, पावसाचं काय, कापसाचं काय. सुजाता सुटी काढून आली तेव्हा तुम्ही तिला पहिलं काय विचारलंत? बरी आहेस काय, असं नाही. "तो कोपऱ्यातला जोड कसा आहे?" ती म्हणाली, "रंग लावला काका, आता दिसतही नाही." तुम्ही म्हणालात, "रंग खरवडून पाह्यजो अधूनमधून." आणि दोघं हसलात, आणि हसताना तुम्हाला धाप लागली, आणि मी चिडले.

तुम्हाला मी एवढं एक सांगायला हवं होतं. गाडीतल्या त्या दिवशी मला धीर हवा होता आणि तुम्ही तो दिला नाहीत. पण तुम्ही जे सांगितलं होतं, जिथे उभं राहायला सांगितलं होतं, तिथे उभी राहून माझी पोरगी वाचली, आणि तिच्यासोबत खांबाशी बसलेले सगळे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आभार म्हटले असते तर तुम्ही विषय बदलून सळईच्या भावावर गेला असता, हे माहीत होतं म्हणूनही असेल.

काल सुजाता निघाली. पुण्यानुमोदन होऊन तीन दिवस झाले होते, तिची सुटी कधीच संपली होती. सामान दारात होतं आणि ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तुम्ही नाही, मी एकटी, वय झालेलं. ती म्हणाली, "आई, खरं सांग. मी इथेच बदली मागू काय? राहू काय?"

तुम्ही असता तर तिने तुमच्याकडे पाहिलं असतं. आता बोलायला मीच होते.

मी म्हटलं, "जाय माय. गाडी सुटन."

स्टेशनवर पोचवून परत आले. दार लावलं, भात केला, पोटभर जेवले, आणि किती महिन्यांनी दुपारी गाढ झोपले.

तुमची,
वहिनी